बडोद्यातल्या नऊ शाळांचं नेटवर्क नव्यानं टाकताना

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा या नऊ सरकारी शाळांपैकी चार शाळांचे स्विच (नेटवर्कच्या सगळ्या केबल एकत्र जोडणारे डबे) तळमजल्यावर होते, ऑफिसच्या कपाटातल्या सगळ्यात खालच्या फळीवर. पाणी ओसरल्यावर त्यांतून गाळ निघाला. उरलेल्या पाच शाळा कोरड्या राहिल्या, पण तिथलं नेटवर्कही जमेल तसं वाढत गेलेलं. आठ पोर्टच्या (केबल लावायच्या भोकांच्या) स्विचला दुसरा आठ पोर्टचा, त्याला तिसरा, आणि शेवटी कुणीतरी घरून आणलेला राउटर. म्हणून चार स्विच बदलून फाइल बंद करण्याऐवजी सगळंच नव्यानं आखायचं ठरलं. सप्टेंबर २०२४ ते जून २०२५ असे दहा महिने लागले. त्यातले पाच आठवडे प्रत्यक्ष केबल ओढण्याचे. बाकीचा वेळ मोजमापात, कागदांत आणि वाट पाहण्यात गेला.

सप्टेंबरमध्ये तीन विक्रेत्यांकडून अंदाजपत्रकं आली. तिन्ही जवळपास एकसारखी: शाळेमागे २४ पोर्टचा एक स्विच, सहा ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वाय-फाय पसरवणारे डबे), 'केबल प्रत्यक्ष लागेल तशी'. तिघांपैकी कुणीही शाळेत पाऊल टाकलेलं नव्हतं. अशा कागदावर फाइल पुढे नेणं सोपं असतं, आणि बहुतेक ठिकाणी तेच होतं. मग 'लागेल तशी' या दोन शब्दांपोटी शेवटी बिल दीडपट होतं. ती अंदाजपत्रकं बाजूला ठेवून आधी पाहणी केली.

प्रत्येक शाळेत दोन फेऱ्या. एक शाळा भरलेली असताना, म्हणजे शिक्षक कुठे बसतात, ऑनलाइन हजेरी कुठून भरतात, शेजारच्या घरांचे किती वाय-फाय वर्गात घुसतात ते कळतं. दुसरी रविवारी, शिडी लावून. सोबत लेझर मीटर, मल्टिमीटर, केबल ट्रेसर, फोनवर वाय-फाय ॲनालायझर आणि चौकटीची वही. वही लागतेच, कारण इमारतीचा नकाशा नऊपैकी दोनच शाळांचा मिळाला. उरलेले सात हातानं काढले.

केबलची लांबी हवाई अंतरानं धरू नका. रॅकपासून (स्विच ठेवायच्या कपाटापासून) भिंतीवर चढ, छताखालून आडवी, दारांना वळसा, खाली उतार, रॅकपाशी तीन मीटर आणि टोकाला अर्धा मीटर ढील, अशी मोजा. कॅट ६ केबलची पक्की जोडणी ९० मीटरपर्यंतच चालते. दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (छोट्या जोडकेबल) धरून १००. इंग्रजी एलच्या आकाराच्या इमारतीत समोर दिसणारी खोली ४० मीटरवर असते आणि भिंतीनं जाताना तीच ९५वर जाते. अशा पाच शाळांत दुसरा रॅक धरावा लागला, चार मोठ्या शाळांत आधीच दोन होते, एकूण अठरा. नऊ शाळांत ३१२ पॉइंट, म्हणजे केबलची टोकं, निघाले: प्रयोगशाळांचे १८०, ॲक्सेस पॉइंटचे ६४, ऑफिस, कॅमेरे आणि हजेरी यंत्रांचे मिळून ६८. सरासरी ३८ मीटर, म्हणजे ११,८५६ मीटर. दहा टक्के वाया जाणारी धरून ३०५ मीटरची ४३ खोकी.

रावपुरा-वाडीकडच्या जुन्या इमारतींनी वाय-फायचा हिशेब उलटवला. दोन फुटी चुन्याच्या भिंती! व्हरांड्यात ५ गिगाहर्ट्‌झवर उणे ४८ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर) दिसणारा सिग्नल वर्गात उणे ७९वर घसरला. चांगल्या वापरासाठी निदान उणे ६७ हवा. 'दोन वर्गांमध्ये एक एपी' हा नेहमीचा ठोकताळा तिथे चालत नाही. वर्गातच लावावा लागतो. गोरव्याच्या बाजूच्या नव्या, नऊ इंची भिंतींच्या इमारतीत तोच ठोकताळा बरोबर बसला. २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत, म्हणून दर तिसऱ्या एपीवरच २.४चा पट्टा चालू ठेवायचा, बाकीच्यांवर बंद, असं आराखड्यातच लिहून टाकलं.

वीज तपासायची हे कुणाच्याच यादीत नव्हतं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये तीन व्होल्टच्या आत हवेत. नऊपैकी सहा शाळांत १४पासून ३८पर्यंत निघाले. अर्थिंगचे खड्डे होते, पण वर्षानुवर्षं पाणी न घातल्यानं कोरडे ठणठणीत. एका शाळेत तर तार खड्ड्यापर्यंत पोचलेलीच नव्हती. असल्या जोडणीवर महाग स्विच लावला की वर्षभरात पोर्ट एकेक करून मरतात आणि दोष कंपनीला जातो. नवं अर्थिंग प्रत्येकी साधारण १४,००० रुपये. इतक्या स्वस्तात सबंध योजनेला एवढा आधार देणारी दुसरी वस्तू नाही, तरी अंदाजपत्रकातून सगळ्यात आधी तीच कापली जाते.

उष्णतेचंही तसंच. ऑक्टोबरच्या दुपारी दोन वाजता एका बंद कपाटात ४१ अंश भरले. मे महिन्यात काय होईल ते बडोद्यात राहणाऱ्याला सांगायला नको. काही स्विच ४५ अंशांपर्यंतच चालतात, म्हणून निविदेत ५० अंश लिहिलं आणि रॅक हवेशीर जाळीचे घेतले. तळमजला तर पुरानंच बाद केला होता. सगळे रॅक पहिल्या मजल्यावर, भिंतीला टांगलेले.

एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाई शिडीखाली उभ्या राहून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "भोकं पाडा भाऊ, पण बुजवून रंग कोण देणार ते आधी लिहून द्या." ते लिहून दिलं. भोक बुजवणं, त्याच रंगाचा हात मारणं आणि राडारोडा उचलणं या गोष्टी निविदेत स्वतंत्र ओळीत गेल्या.

पाहणी संपली तेव्हा दिवाळीची २१ दिवसांची सुट्टी लागली आणि फाइल हलेना. तो वेळ अंदाजपत्रकात घातला. पॉइंट तयार करून देण्याचा दर ३,९०० धरला (केबल, पाइप, आउटलेट, पंचिंग, लेबल, चाचणी), त्याचे १२.१७ लाख. २४ पोर्टचे मॅनेज्ड (सेटिंग्ज बदलता येणारे) पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारे) स्विच १८, प्रत्येकी ४८,०००. ॲक्सेस पॉइंट ६४, प्रत्येकी १४,०००. फायरवॉल (इंटरनेट आणि शाळेचं नेटवर्क यांच्यामधले राखणदार डबे) तीन वर्षांच्या लायसन्ससह नऊ, प्रत्येकी ६२,०००. ऑनलाइन यूपीएस १ केव्हीएचे १८, प्रत्येकी २१,०००. रॅक, फायबर, अर्थिंग धरून ४४ लाख. १८ टक्के जीएसटी मिळवून ५१.९२ लाख. फायरवॉलच्या लायसन्सचं नूतनीकरण कुठल्याच अनुदानात आपोआप येत नाही, त्याची तरतूद चालू खर्चात वेगळी मागून ठेवा. चौथ्या वर्षी लायसन्स संपलं की फायरवॉल म्हणजे नुसता महाग राउटर.

यूपीएसचा हिशेब थोडक्यात: स्विच, सात एपी, फायरवॉल, इंटरनेटवाल्याचा डबा मिळून भार साधारण १४० वॉट. १ केव्हीएमध्ये १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तासांच्या तीन बॅटऱ्या म्हणजे २५२ वॉट-तास. कागदावर पावणेदोन तास होतात, प्रत्यक्षात तासभर मिळतो, आणि दोन उन्हाळ्यांनंतर अर्धा. बॅटरी बदलायचा खर्च दर अडीच वर्षांनी धरा.

तांत्रिक मान्यता ३ डिसेंबरला मिळाली, प्रशासकीय ६ जानेवारीला. मधला महिना एका शेऱ्यात गेला: 'एकाच इमारतीत दोन स्विच कशाला?' ९० मीटरचा नियम नकाशावर लाल शाईनं आखून दाखवला तेव्हा फाइल पुढे सरकली. नकाशे हातानं काढलेले का होईना, फाइलला जोडाच.

मग उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत. मोठ्या शाळांत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची इंटरनेट जोडणी घ्यायची, एक पडली तर दुसरी, असं ठरलं होतं. एका शाळेत त्या दोन्ही आधीपासून होत्या. १५ जानेवारीला, वासी उत्तरायणाच्या म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दोन्ही एकदम बंद. दोघांच्या केबल एकाच खांबावरून येत होत्या आणि मांज्यानं व पतंग ओढणाऱ्यांनी दोन्ही तोडल्या होत्या. त्यानंतर करारात एक अट वाढली: दुसरी जोडणी वेगळ्या रस्त्यानं, आणि शाळेच्या आवारात जमिनीखालून एचडीपीईच्या (जाड प्लास्टिकच्या) पाइपमधून. वेगाचा हिशेब साधा ठेवला. प्रयोगशाळेतले वीस संगणक आणि स्मार्ट वर्ग मिळून चाळीस व्हिडिओ एका वेळी, प्रत्येकी अडीच एमबीपीएस, म्हणजे १००. महागड्या लीज्ड लाइनची (फक्त आपल्यासाठी राखलेल्या जोडणीची) गरज एकाही शाळेला नव्हती. २०० एमबीपीएसचा साधा फायबर पुरतो.

निविदा २० जानेवारीला ऑनलाइन चढली. निविदापूर्व बैठकीत अकरा प्रश्न आले. त्यातले चार खरे, बाकीचे आपापला माल बसवण्यासाठी. कंपनीचं नाव लिहायचं नाही, गुणधर्म लिहायचे, आणि ते मोजता येतील असे. '२४ पोर्ट पीओई' एवढंच लिहिलं तर १९० वॉटचा स्विचही पात्र ठरतो. नमुना चाचणीत नेमकं हेच दिसलं: ८०२.३एटी या पीओईच्या मानकाचा स्विच पोर्टमागे ३० वॉट राखून ठेवतो, सहा एपींचे १८० झाले आणि सातवा उठलाच नाही. एकूण ३७० वॉट ही अट शुद्धिपत्रकानं घातली, मुदत सात दिवस वाढली. एसएफपी (फायबर स्विचला जोडणारे प्लग), पॅच कॉर्ड, रॅकचे पट्टे, पॉवर कॉर्ड, स्प्लायसिंग (फायबरचे धागे वितळवून जोडणं) हे सगळं 'समाविष्ट' असं लिहिलेलं नसेल तर ते समाविष्ट नसतं. लायसन्सची तारीख बसवल्याच्या दिवसापासून मोजायची, हेही लिहा. बॉक्स गोदामात असताना कुणी नोंदणी केली की तीन वर्षांतले तीन-चार महिने तिथेच जातात.

आर्थिक बोली उघडली २४ फेब्रुवारीला. सगळ्यात कमी ४६.३ लाख, जीएसटीसकट. २७ फेब्रुवारीपासून बोर्डाच्या परीक्षा, आणि परीक्षा केंद्र असलेल्या शाळेत ड्रिलचा आवाजही चालत नाही, त्यामुळे घाई नव्हती. पण कार्यादेश ३१ मार्चच्या आत निघायलाच हवा, नाही तर अनुदान परत. तो २५ मार्चला निघाला. एप्रिलभर माल आला.

केबलच्या ४३ खोक्यांपैकी चार उचलताना हलकी लागली. वजनकाट्यावर अस्सल तांब्याचं ३०५ मीटरचं खोकं साधारण १२ किलो भरलं, ही चार साडेआठच्या आसपास. तार सोलून ब्लेडनं खरवडली तर आतून पांढरी निघाली: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. साध्या इंटरनेटला ती काही महिने चालूनही जाते, पण पीओईची वीज त्यातून गेली की तापते आणि लांबच्या टोकाला व्होल्टेज पडतं. ठेकेदार म्हणाला वरून चुकून आली. चारही परत गेली, बदली खोकी नऊ दिवसांनी आली. शाळेच्या भंगाराचा काटा असतोच. प्रत्येक खोकं त्यावर ठेवा, वजन पावतीवर लिहा.

काम ५ मेच्या सुट्टीपासून ८ जूनपर्यंत. दुपारी ४३ अंशांत शिडीवर उभं राहणं अशक्य, म्हणून सकाळी सात ते बारा आणि संध्याकाळी पाच ते आठ. वीज कंपनीचे पावसाळ्यापूर्वीचे दुरुस्तीचे बंद याच दिवसांत असतात. त्यांच्या वेळा आदल्या दिवशी बघितल्या नाहीत तर स्प्लायसिंगचा माणूस येतो आणि यंत्राची बॅटरी संपली म्हणून परत जातो. एकदा तसं झालं.

दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल नेऊ नका, अंतर वीस मीटर असलं तरी. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं, पावसात वीज जवळ पडली की दोन्ही टोकांचे स्विच जातात. सहा कोअरची आर्मर्ड सिंगल मोड फायबर घेतली. चिलखती अशासाठी की खारी साधी फायबर कुरतडतात, पाइपच्या तोंडाशी तर हमखास; पाइपची तोंडं बुजवून घ्या. एका ठिकाणी लिंक काही केल्या लागेना. स्प्लाइस दोनदा केली, कनेक्टर पुसले. अखेर कळलं की एकाच धाग्यावर दोन्ही दिशांनी चालणाऱ्या एसएफपीच्या जोडीतले दोन्ही 'अ' टोकाचे आले होते. एका टोकानं १३१० नॅनोमीटरवर पाठवून १५५०वर ऐकायचं असतं, दुसऱ्यानं उलट. दोन्ही सारखे असले की कुणीच कुणाचं ऐकत नाही.

चाचणीसाठी सर्टिफायर, म्हणजे केबलचा दर्जा मोजणारं यंत्र, भाड्यानं आला. दिवे लागतात ते स्वस्त टेस्टर फक्त तार जोडली आहे का ते सांगतात. सिग्नलची गळती त्यांना कळत नाही. ३१२पैकी १७ पॉइंट पहिल्या फेरीत नापास. अकरांमध्ये आउटलेटपाशी तारांच्या जोड्यांचा पीळ फार उघडला होता (१३ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडू नये), तीन ठिकाणी एका टोकाला तारांचा ए आणि दुसऱ्याला बी रंगक्रम, दोन ९० मीटरच्या वर, एक ड्रिलनं कापलेली. लांबीचे दोन सोडून बाकी दोन दिवसांत सुधारले. लांबीच्या दोघांपैकी एक केबल रस्ता बदलून ८८वर आणली, दुसरी फायबरनं गेली. अहवालाच्या पीडीएफमध्ये प्रत्येक पॉइंटची तारीख-वेळ असते. एकाच मिनिटात सहा पॉइंट दिसले तर एकच पॉइंट सहा नावांनी मोजला आहे असं समजा.

यंत्रांच्या आयपी पत्त्यांची आखणी सगळ्या शाळांत एकच ठेवली: १०, मग शाळेचा क्रमांक, मग व्हीलॅनचा (त्याच स्विचवर आखलेल्या वेगळ्या नेटवर्कचा). ऑफिस १०, प्रयोगशाळा २०, शिक्षकांचं वाय-फाय ३०, कॅमेरे ४०, यंत्रणा ९९. तिसऱ्या शाळेच्या प्रयोगशाळेतला संगणक १०.३.२०.५१, फोनवर ऐकलं तरी कुठला ते कळतं. लूप (केबल फिरून त्याच नेटवर्कमध्ये परत येणं) रोखण्याची आणि डीएचसीपी स्नूपिंगची (परक्या राउटरनं वाटलेले पत्ते अडवण्याची) सेटिंग्ज पहिल्या दिवसापासून चालू केली, आणि पहिल्याच आठवड्यात दोन्हींचा उपयोग झाला. एका शाळेत सफाई करताना लोंबणारी पॅच कॉर्ड कुणीतरी नीटनेटकेपणानं दुसऱ्या रिकाम्या पोर्टात खोचून ठेवली. स्विचनं तेवढाच पोर्ट बंद केला. जुन्या दिवसांत अख्खी शाळा बंद पडून दोन दिवस शोध चालला असता. दुसरीकडे घरचा राउटर उलटा, लॅनच्या भोकातून लावला गेला, त्यानं वाटलेले पत्ते स्विचनं पुढे जाऊच दिले नाहीत.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग (नेटवर्कवरच्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपायचे आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची. छोट्या फायरवॉलमध्ये डिस्क नसते, ते लॉग काही दिवसांत पुसले जातात. पुरातून वाचलेला एक संगणक, त्यात १ टीबीची डिस्क, नऊही शाळांचे लॉग तिथे. सगळ्यांची घड्याळं एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या वेळेशी जुळवली. नाही तर दोन शाळांचे लॉग शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

बिलाला मेजरमेंट बुक (झालेल्या कामाच्या मापांची वही) लागते, आणि ती शिडीवर चढूनच भरायची. केबल मीटरवर मोजायची की पॉइंटवर, यावर ठेकेदाराशी एक आठवडा गेला. निविदेत 'प्रति पॉइंट' असल्यानं वाद मिटला. करार अडीच लाखांच्या वरचा असल्यानं जीएसटीचा दोन टक्के टीडीएस कापला गेला. ठेकेदाराला हे आधी सांगा, नाही तर कमी पैसे आले म्हणून शेवटची कामं रखडतात. पैसे तीन टप्प्यांत: ६० टक्के माल आल्यावर, ३० टक्के चाचणी अहवालानंतर, आणि १० टक्के एक पावसाळा निघाल्यावर.

शाळा ९ जूनला उघडल्या. पासवर्ड दोन माणसांकडे आणि सीलबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात. स्विचच्या सेटिंग्जची प्रत पेन ड्राइव्हवर, रॅकच्या दारावर आतून चिकटवलेला नकाशा. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या पावसात वाडीजवळच्या एका इमारतीत फायबरच्या डब्यात पाणी शिरलं. केबल वरून सरळ डब्यात उतरली होती, पाणी तिच्यावरून ओघळत आत गेलं. खाली एक झोळ देऊन ती खालच्या बाजूनं आत घेतली, भोक सिलिकॉननं बुजवलं. बाकीच्या आठ शाळांचे डबे त्याच आठवड्यात उघडून पाहिले. आणखी तीन ठिकाणी केबल वरूनच आत गेली होती. ठेकेदाराचे ते शेवटचे दहा टक्के अजून दिलेले नाहीत.